माडावरची चार मिनिटं
फोंडा तालुक्यातल्या एका कुळागराचं प्रकरण

कुळागर, म्हणजे माड-पोफळींची मिश्र बाग, उतारावर आहे. वरच्या अंगाला फणस नि आंबे, खाली झरीच्या पाटावर भिजणाऱ्या पोफळी आणि पाटाच्या दोन्ही काठांना माड. माड एकूण 46. त्यांतले 31 जुने, बाणवली जातीचे, साठ-सत्तर फुटांवर गेलेले. उरलेले 15 नंतर लावलेले, त्या मानाने बुटके. नऊ माडांवर मिरवेली चढवलेल्या आहेत आणि दुसरे अकरा उजेडाच्या ओढीने पाटावर कललेत. घरात निवृत्त काका, काकी आणि रोज पणजीला नोकरीसाठी जाणारा मुलगा. माणसांची आणि वाड्याची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. असं कुळागर माशेलपासून सावईपर्यंत कुठेही सापडेल.

चोवीस वर्षं या माडांवर एकच पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, चढत होता. गेल्या फेब्रुवारीत त्याने शेवटची पाडणी केली. मार्चमध्ये गुडघा सुजला आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी चढणं बंद करायला सांगितलं. पुढच्या आठ महिन्यांत या कुळागरातले तीन माड गेले आणि चौथा जाता जाता राहिला. नारळ पाडायला माणूस मिळाला नाही म्हणून ते गेले, असं घरच्यांना आधी वाटलं. प्रत्यक्षात नारळ पाडणारी माणसं मेमध्येच आली होती. माड गेले ते वेगळ्याच कामावाचून, आणि त्या कामाचे पैसे या घराने पाडेलीला कधी दिले नव्हते. कारण ते काम होतं हेच ठाऊक नव्हतं.

एका माडाला तेरा मिनिटं

जुना पाडेली सकाळी सातला यायचा आणि बारापर्यंत 23 माड उरकायचा. दोन सकाळींत 46. म्हणजे एका माडाला सरासरी तेरा मिनिटं. मेमध्ये आलेल्या दोन तरुणांपैकी एकच चढत होता, त्याने तीन तासांत 20 माड केले. माडाला नऊ मिनिटं. वय पाहता तरुण चटपटीत असणारच, पण जुन्या पाडेलीचा चढण्या-उतरण्याचा वेळ काही फार जास्त नव्हता. फरक वरच्या चार मिनिटांचा होता. ती चार मिनिटं कशात जायची, ते नीट पाहू.

माडाखाली आल्याबरोबर तो फास घालत नसे. आधी बुंध्याभोवती एक फेरी. जमिनीवर गळलेली बारीक फळं, म्हणजे बोंडं, पायाने उलटी करून बघायची. देठाजवळ गोल भोक असेल तर वर उंदीर आहे. मग मान वर: लोंबतं सुकं चुडत, म्हणजे झावळी, कुठल्या बाजूला आहे, गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, हुमल्यांनी, म्हणजे लाल मुंग्यांनी, पानं शिवलीत का. पायांत काथ्याच्या दोरीचा फास, कमरेला मागे लाकडी आकडीत कोयता. चढताना खोडावर तळवा फिरत असायचा. खोडातून तांबूस-काळा रस ओघळला असेल तर जागा लक्षात ठेवायची.

वर पोचल्यावर तो शेंड्याखाली लटकत राहत नसे. दोन दणकट चुडतांच्या देठांमधून अंग वर काढून शेंड्यातच बसायचा. इथून माड पुस्तकासारखा वाचता येतो. चांगल्या वाढलेल्या माडाला महिन्याला साधारण एक नवं पान येतं आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा. पोय फुटल्यापासून नारळ पिकायला बारा महिने. म्हणजे घोस महिन्यावारी लागलेले असतात. वर्षाला चार पाडण्या धरल्या तर दर खेपेला खालचे तीन घोस काढायचे. गोव्यात बहुतेक ठिकाणी अशीच रीत आहे. कासारगोडची केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्था दर 45 दिवसांनी पाडणी सांगते, पण तितक्या वेळा येणारा पाडेली कुणाकडे आहे? कोयत्याच्या पाठीने नारळाला टिचकी मारली की पिकलेला खणखणतो, कोवळा ठस्स वाजतो. शंका असली तर नारळ हलवून पाण्याची खळखळ ऐकायची.

घोस तोडला की पाडणी झाली. तरुण पोरं इथे उतरायला लागतात.

जुन्या पाडेलीचं खरं काम इथून पुढे. शेंड्याच्या मधोमध न उघडलेलं सरळ उभं पान असतं, ती सुई. तिला दोन बोटांत धरून अलगद ओढ द्यायची. निरोगी सुई हलत नाही. कोंब कुजायला लागला असेल तर ती सैल लागते, फिकट दिसते, आणि ओढली तर बुडाशी कुजक्या वासासकट हातात येते. मग नव्यानेच उघडलेली दोन पानं बघायची. पात्यांना कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंग्याने ते पान सुईत असतानाच पोखरलं होतं. भुंगा अजून आत असेल तर बेचक्यात चावलेल्या तंतूंचा भुसा साचलेला असतो. तिथे तारेचा आकडा घालून तो टोचून बाहेर काढायचा.

त्यानंतर साफसफाई. सुकलेली चुडतं, पोयीची वाळकी आवरणं, जुन्या घोसांचे दांडे, बेचक्यांत कुजलेला पाला, उंदरांची घरटी, सगळं खाली. वर्षातून तीनदा, एप्रिल-मे, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि डिसेंबर-जानेवारीत, कमरेच्या पिशवीतून नेलेलं मिश्रण वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यांत भरायचं: निंबोळी पेंडीची पूड 250 ग्रॅम आणि तितकीच वाळू. काका पेंड आणून ठेवायचे, ती जाते कुठे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आणि शेवटी वरूनच हाक: "काकी, विहिरीकडल्या तिसऱ्याची सुई हलतेय. काकांना सांगून ठेवा, मोरचूद आणायला हवं."

खाली आल्यावर नारळ काकांच्या देखत मोजले जायचे. मजुरी माडामागे 100 रुपये, म्हणजे खेपेला 4,600, वर दोन मोठे नारळ आणि चहा. नारळ मोजले गेले, माड मोजले गेले. सुई मोजायची कुणाला सुचलं नाही.

मे: वीस माड, हिरवी चुडतं

मेची पाडणी वर्षातली सगळ्यांत महत्त्वाची. जून ते ऑगस्ट शेवाळलेल्या ओल्या खोडावर शहाणा पाडेली चढत नाही, त्यामुळे मेमध्ये शेंडा जसा सोडाल तसा तो पावसाळाभर राहतो. घाण राहिली तर ती पाण्याने भिजून कोंबाशी कुजत बसते.

बऱ्याच फोनाफोनीनंतर दोन तरुण आले. माडामागे 150 रुपये मागितले, काकांनी दिले. त्यांनी खालूनच नजर टाकून 20 माड निवडले, ज्यांवर नारळ दिसत होते ते. बाकीच्यांबद्दल म्हणाले, "काका, वर काहीच नाही, फुकट कशाला चढायचं?" माडामागे मजुरी असली की हा हिशोब चढणाऱ्याच्या बाजूने बरोबरच आहे आणि त्यात लबाडी शोधू नये. पण ज्या माडावर नारळ नाहीत तोच बहुधा आजारी असतो. मजुरीच्या जुन्या रीतीतली ही खोट चोवीस वर्षं दिसली नाही, कारण जुना पाडेली रिकाम्या माडावरही सवयीने चढायचा.

दुसरी चूक जास्त महाग पडली. घोसापर्यंत कोयता नीट पोचावा म्हणून पोराने दर माडाची पाच-सहा हिरवी चुडतं खोडालगत छाटली. यात तीन नुकसानं एकदम होतात. पहिलं, घोसाचं वजन खालच्या चुडताच्या देठावर टेकलेलं असतं. ते चुडत गेलं की घोस लोंबतो, दांडा मुडपतो आणि अर्धेकच्चे नारळ गळतात. दुसरं, माडाचं अन्न पानांत तयार होतं. उंच जातीच्या माडाला तीसेक पानं हवीत, त्यांतली पाच-सहा गेली तर पुढच्या वर्षाचा घोस बारीक येतो. तिसरं सगळ्यांत वाईट. ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. मादी त्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या थेट खोडाच्या मऊ गाभ्यात शिरतात. हिरवं पान काढावंच लागलं तर खोडापासून 120 सेंटीमीटर देठ सोडून कापायचं, म्हणजे अळी गाभ्यापर्यंत पोचायच्या आत देठ सुकतो. जुना पाडेली सेंटीमीटर जाणत नव्हता. तो "दोन हात सोडून" कापायचा, आणि तेही क्वचितच.

छाटलेली चुडतं पोफळींवर पडली ती वेगळीच. पाच पोफळींचे शेंडे मोडले. कुळागरात चुडत सोडायचं म्हणजे खाली मोकळी फट बघून, देठाच्या बाजूने, सरळ सोडायचं असतं.

यंत्राचा प्रयोग

जूनच्या आधी मुलाने माडावर चढायचं यंत्र विकत घेतलं, दोन पायांचे दोन भाग आणि खोडाभोवती पोलादी तारेचे वेढे असलेलं, मूळ केरळातलं. यंत्र चांगलं आहे यात वाद नाही. नारळ विकास मंडळाने 2011 पासून याच्या आधारावर तरुणांना सहा दिवसांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, त्यातून केरळात हजारो चढणारे तयार झाले.

पण हे यंत्र सरळ, मोकळ्या खोडासाठी आहे. मिरवेलीच्या नऊ माडांवर तार गुंडाळताच येईना. कललेल्या अकरा माडांवर वेढा एका अंगाला घसरायचा. म्हणजे 46 पैकी 20 माड तिथेच बाद. उरलेल्यांतही खोड वर निमुळतं होत जातं तसा वेढा मध्येच आवळावा लागतो, नाहीतर यंत्र सैल पडतं. मुलाने सुरक्षा पट्टा लावून बुटक्या माडांपैकी सात केले. प्रत्येकाला यंत्र लावायलाच पाच मिनिटं. आणि मुख्य अडचण वर गेल्यावर कळली: यंत्रावर उभा असलेला माणूस शेंड्याच्या खाली राहतो. घोस तोडता येतो, सुई दिसत नाही. प्रशिक्षण घेतलेले लोक यंत्र खाली बांधून पट्ट्याच्या आधाराने शेंड्यात शिरतात. अर्ध्या दिवसाच्या सरावावर ते धाडस करू नये, आणि मुलाने केलं नाही हे बरंच झालं.

पावसात

जुलैपासून खाली पडणाऱ्या वस्तूंची नोंद काकींनी ठेवली, तीही रागाने: स्वयंपाकघरावरची अकरा मंगळुरी कौलं फुटली, पंपाच्या खोपीचा पत्रा चेपला. न पाडलेले पिके नारळ रात्री-अपरात्री कोसळत होते. त्यांतले बरेचसे वापरात आले, काहींना ओल्यात कोंब फुटले, काही तडकले. जुलै ते सप्टेंबर देठाजवळ भोक पडलेले 63 कोवळे नारळ मिळाले. माकडांचा संशय घेतला गेला, कारण गोव्यात हल्ली प्रत्येक गळलेल्या नारळाला माकडच जबाबदार. पण माकड सोडण ओरबाडतं, उंदीर गोल, स्वच्छ भोक पाडतो. शेंडे साफ न झाल्याने उंदरांना घरं तयार मिळाली होती, आणि चुडतं एकमेकांत गुंतल्यामुळे एका माडावरून दुसऱ्यावर जायला वाटही.

ऑगस्टच्या मध्यात विहिरीकडच्या माडाची सुई वाकून लोंबली. फेब्रुवारीत "हलतेय" म्हणून हाक आली होती तोच हा माड. तेव्हा मोरचूद आणलं गेलं, पण पाडेलीच आला नाही म्हणून पुडी कपाटात राहिली. शेजारच्या माडाची, पुढे ज्याला 17 क्रमांक पडला त्याची, सुईही फिकट दिसत होती.

काकांनी स्वतः बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, बनवलं आणि ते फसलं. का फसलं ते लिहायलाच हवं, कारण ही चूक घरोघर होते. त्यांनी पत्र्याच्या बादलीत मोरचूद विरघळवलं. मोरचुदाची धातूशी प्रक्रिया होते, म्हणून भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं हवं. चुना जुना, हवा लागून मेलेला होता. आणि मिश्रण पावसामुळे दुसऱ्या दिवशी वापरलं. बोर्डो त्याच दिवशी संपवायचं असतं, शिळं झालं की गाळ खाली बसतो आणि औषधाचा गुण जातो.

बरोबर रीत अशी. फवारणीसाठी 1 टक्क्याचं: 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चांगला कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत लाकडी काठीने ढवळायचं. घरगुती मापाला दहाव्या हिश्शाने करा: 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, एकूण 10 लिटर. कुजका भाग काढल्यावर लावायच्या मलमासाठी 10 टक्क्यांचं: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटरमध्ये, 100 ग्रॅम चुना अर्धा लिटरमध्ये, एकत्र. दोन्ही वेळा तपासणी एकच: घासून चकचकीत केलेलं लोखंडी सुरीचं पातं मिश्रणात मिनिटभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. थर येईनासा होईपर्यंत चुन्याचं पाणी घालायचं.

विहिरीकडचा माड वाचला नाही. कोंब एकच असतो, तो खालपर्यंत कुजला की माडाला दुसरा फाटा फुटत नाही.

सप्टेंबरअखेर: नवा पाडेली, जुने डोळे

चतुर्थीनंतर, पाऊस ओसरल्यावर, मंडळाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरुण मिळाला. यंत्र त्याच्याकडे होतं, पण दोरीच्या फासावरही चढायचा, त्यामुळे मिरवेलीचे आणि कललेले माड त्याला वर्ज्य नव्हते. काकांनी जुन्या पाडेलीला रिक्षाने बोलावून आणलं आणि माडाखाली स्टुलावर बसवलं. पुढचे तीन दिवस जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. वरून तरुण सांगतोय, खालून म्हातारा विचारतोय.

"सुई ओढलीस?"

"ओढली मामा. घट्ट आहे."

"पान उघडलंय त्याला काप आहेत काय बघ. आणि भुसा? बोटाने काढ, नुसता बघू नको."

"भुसा आहे. ओला आहे."

"मग तो आतच आहे. आकडा घाल. बाहेरून आत नको, वरून खाली घाल."

सोळाव्या माडापासून म्हाताऱ्याने विचारणं कमी केलं.

तीन दिवसांत चित्र असं निघालं. सहा माडांना गेंड्या भुंगा. चार भुंगे आकड्यावर निघाले. चौदा माडांवर उंदरांची घरटी. क्रमांक 17 चा कोंब कुजायला लागलेला, पण तळ अजून पांढरा. आणि मेमध्ये छाटलेल्या वीस माडांपैकी दोघांत सोंड्या भुंगा. त्यांच्या बेचक्यांतून तपकिरी, आंबूस रस येत होता, चावलेला चोथा बाहेर ढकललेला होता आणि मधली पानं मलूल होती. तरुणाने खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज. मधली पानं मलूल होण्याआधी हा रोग कळला तर वरच्या भोकातून कीटकनाशक ओतून माड वाचवता येतो. त्यासाठी कुणीतरी जुलैच्या आधी वर जायला हवं होतं.

गेंड्या भुंग्याचं मूळ शेंड्यात नव्हतंच. गोठ्यामागच्या शेणखताच्या खड्ड्यात, दीड फुटावर, अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडल्या. खत उलटंपालटं करून अळ्या कोंबड्यांपुढे टाकल्या, उरलेल्या खतात हिरव्या मस्कार्डीन बुरशीचं, म्हणजे मेटारायझियमचं, औषध मिसळलं. ही बुरशी ओल्या खतात अळ्यांवर वाढते. खड्डा दर दोन महिन्यांनी उलटायचा असं ठरलं. माडाचे जुने, कुजके ओंडके पाटाकडे पडलेले होते तेही हलवले, कारण अळ्यांना तेही चालतात.

उंदरांसाठी खोडावर, जमिनीपासून सहा-सात फुटांवर, गुळगुळीत पत्र्याचा पट्टा लावायची पद्धत आहे. इथे ती पोफळींमुळे निरुपयोगी. उंदीर पोफळीवरून चुडतावर उतरतो. म्हणून ब्रोमॅडिओलोन या उंदीरविषाच्या वड्या पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात, बारा दिवसांच्या अंतराने दोनदा ठेवल्या. वड्या खाली पडून कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून त्या बेचक्यात खोल खोचायच्या आणि दुसऱ्या दिवशी बुंध्याशी बघायचं.

17 नंबरचा कुजका भाग पांढरा, निरोगी गाभा दिसेपर्यंत कोयतीने खरवडून काढला. हे काम हात आवरून करावं लागतं, एक फाजील घाव आणि वाढीचा डोळाच जातो. वर 10 टक्क्यांचं बोर्डो मलम, आणि पाणी आत जाऊ नये पण वारा खेळावा अशी प्लॅस्टिकची सैल टोपी. आजूबाजूच्या आठ माडांच्या शेंड्यांत 1 टक्क्याचं मिश्रण.

मेलेले तीन माड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज केला. 2016 मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं, 2017 मध्ये परत घेतलं, त्यामुळे परवानगी लागते. माड झाड आहे की नाही यावर गोव्यात रण माजलं होतं. त्याच्यावर चढणाऱ्यासाठी कुणी तेवढा आवाज चढवल्याचं आठवत नाही. सोंड्या भुंग्याचे दोन माड तोडल्यावर गाभ्याकडचा पाच फुटांचा भाग उभा चिरून जाळला. तो तसाच टाकला असता तर आतल्या कोषांतून भुंगे निघून शेजारच्या माडांवर गेले असते. म्हातारा पाडेली ओंडका चिरताना उठून आला, तंतूंच्या कोषांतून जिवंत अळ्या काठीने मोजल्या. बत्तीस.

नवा हिशोब

आता माड 43. प्रत्येकाच्या खोडावर छातीच्या उंचीला चुन्याने क्रमांक लिहिलाय. खिळा ठोकून पाटी लावायची नाही, खोडाची जखम म्हणजे पुन्हा भुंग्याला आमंत्रण.

मजुरी दोन भागांत तोडली. नारळ पाडायचे 100 रुपये, शेंडा बघायचे आणि साफ करायचे 40. हे 40 माडावर नारळ असो-नसो द्यायचे, आणि रिकाम्या माडावर चढल्याचे 100 सुद्धा. वाढीव खर्च खेपेला 1,720, चार खेपांना 6,880 रुपये. वर म्हाताऱ्याला खाली बसण्याची अर्ध्या दिवसाची मजुरी, निदान वर्षभर. काकांना हे आधी जास्त वाटलं. मग त्यांनी मेलेल्या तीन माडांचा हिशोब मांडला: माडाला वर्षाला 50 नारळ, भाव नुसता 30 रुपये धरला, आणि नवं रोप फळाला यायला सात वर्षं. साडेएकतीस हजार. त्यात कौलं नि पोफळी धरल्या नव्हत्या. चार मिनिटांच्या कामाला आतापर्यंत शून्य रुपये पडत होते. 46 माड, चार खेपा, म्हणजे वर्षाला बारा तासांहून थोडं जास्त काम.

विमा हा वेगळा मुद्दा. माडावरून पडणं म्हणजे मणका किंवा जीव. नारळ विकास मंडळाची चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' विमा योजना आहे, हप्त्याचा मोठा भाग मंडळ भरतं. जुन्या पाडेलीने चोवीस वर्षं विम्याशिवाय काढली आणि त्याला कुणी विचारलं नाही. नव्याचा उरलेला हप्ता काकांनी भरलाय. ज्याच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, माणूस चढतो त्याने एवढं करावं, निदान पावती बघावी.

वहीत आता माडामागे पाच रकाने आहेत: नारळ, सुई, काप, भुसा, उंदीर. सांगणारा वरून सांगतो, लिहिणाऱ्या काकी. पहिल्या खेपेला वेळ तेरा मिनिटांवरून सतरावर गेला, डिसेंबरात चौदावर आला. मिरवेलींचा तिढा सुटलेला नाही. वेल एकाच अंगाला बांधून वीस फुटांवर छाटायची असं ठरलं, पण मिरी काढणीला आलेली असताना काकी हात लावू देईनात. काढणी झाल्यावर बघू म्हणतात.

17 नंबरला डिसेंबरच्या खेपेत नवं पान आलं, चुरगळलेलं आणि हातभरच लांब. कोंब वाचलेल्या माडाची पहिली पानं अशीच येतात. नीट पोय धरतो की नाही हे कळायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. रकान्यात काकींनी लिहिलंय: नारळ 0, सुई घट्ट. आणि शेवटी, चढल्याचे 140.